आधी तबकड्या, मग टर्नटेबल : लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

‘पहिलं टर्नटेबल कोणतं घेऊ?’ असं विचारत आलेल्या माणसाला तुम्ही आधी मॉडेलचं नाव सांगत नाही. ‘घरात तबकड्या कोणत्या आहेत?’ एवढंच विचारता. या एका प्रश्नाने आम्हां अनेकांचे पैसे वाचले, आणि त्याहून मोलाच्या म्हणजे घरातल्या तबकड्या वाचल्या. त्याबद्दल हे पत्र.

मराठी घरातल्या जुन्या ट्रंकेत बरेचदा दोन जाती एकत्र निघतात. नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आणि नंतरच्या काळातल्या ३३⅓ च्या विनाइल एलपी. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ३ मिल, म्हणजे इंचाच्या ३ सहस्रांश त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. स्टिरिओ एलपीची गोल टोकाची सुई ०.७ मिलच्या आसपास. ही बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना धड टेकत नाही, तळाशी घसरत राहते आणि गाण्याऐवजी तिथली खरखर वाचते. लोक म्हणतात, तबकडी खराब झाली. तबकडी बहुतेकदा ठीक असते, सुई चुकीची असते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर खाचेच्या वरच्या कडा खरवडल्या जातात, आणि ती जखम भरून येत नाही.

म्हणून ज्याच्याकडे ७८ च्या तबकड्या आहेत त्याला रेगा प्लॅनर १ हे टर्नटेबल कितीही सुबक वाटलं तरी ते त्याच्यासाठी नाही, त्यावर ३३ आणि ४५ एवढेच वेग. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स ३३, ४५ आणि ७८ या तिन्ही वेगांवर चालतं, वेग थोडा कमी-जास्त करता येतो (जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असतोच असं नाही), आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते त्या डबीची) सुई ओढून काढता येते. एलपीसाठी व्हीएम९५ई, ७८ साठी व्हीएम९५एसपी. कार्ट्रिजचं अंग तेच. सुई बदलली की तिच्या सोबतच्या कागदावरचा सुईच्या वजनाचा आकडा वाचून काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, पुन्हा लावायचं. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत त्यांनी मात्र खुशाल प्लॅनर १ घ्यावं. कमी उठाठेवीत सुरेख वाजतं.

सुईने तबकडीवर किती भार टाकायचा त्या वजनाबद्दल तुम्ही दर वेळी न कंटाळता समजावता. आधी अँटी-स्केट, म्हणजे आर्मची आतल्या बाजूला होणारी ओढ तोलणारं बटण, शून्यावर. सुईचं झाकण काढून काउंटरवेट फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असा करायचा. मग काउंटरवेट न हलवता त्यावरची फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणायची, आणि त्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून २ ग्रॅमवर. व्हीएम९५ईला १.८ ते २.२ चालतात. शेवटी अँटी-स्केटही २ वर. ‘हलकं ठेवलं की तबकडी कमी झिजते’ हा समज तुम्ही किती जणांच्या डोक्यातून काढलात! फार हलकी सुई खाचेत स्थिर राहत नाही, आपटत चालते आणि भिंती फोडते. बाजूच्या शेवटच्या गाण्यातच ‘स’ आणि ‘श’ फाटत असतील, तर मात्र सुई साफ करून कार्ट्रिजची जुळणी कागदी प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या छापील पट्टीवर, तपासायची.

फोनोचा, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, घोळ हा दुसरा. कार्ट्रिजमधून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट येतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेला असतो. फोनो स्टेज तो हिशेब उलटा करते. ती नसेल तर आवाज बारीक, पातळ. टर्नटेबलमधली आतली फोनो चालू ठेवून वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटमध्येच खोचली, तर तोच हिशेब दोनदा होतो आणि सगळं घुमट, फाटकं वाजतं. एकच फोनो ठेवायची. गुणगुण येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लागली आहे का, हे आधी पाहायचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या जुन्या बेल्टच्या टर्नटेबलांबद्दल तुम्ही दिलेला इशारा तर छापून भिंतीवर लावावा असा आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) आपल्या ५० वर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, ३३⅓ चे सुमारे २७.८ फेरे होतात. काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंगच तसं असेल. त्यावर उपाय ५० हर्ट्झची पुली, नाहीतर डीसी मोटरचं टर्नटेबल.

जागेचं तुम्ही दोन वाक्यांत मिटवता. स्पीकर ज्या फळीवर, त्या फळीवर टर्नटेबल नको. भिंतीत पक्की बसवलेली कडाप्प्याची फळी उत्तम, आणि त्यावर स्पिरिट लेव्हलने सपाटी बघायची. पैशांचा मोठा वाटा मात्र स्पीकरला, हे तुमचं मत आम्ही आता जसंच्या तसं पुढे सांगतो.

आणि तबकड्या साफ करायची ती बाटली! आयसोप्रोपिल अल्कोहोल एलपीच्या धुण्यात पाण्यात थोडं मिसळलेलं चालतं, पण ७८ वर थेंबही नको, कारण लाख त्यात विरघळते. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या ७८ डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडक्याने, लेबल कोरडं ठेवून पुसायच्या, उभ्या ठेवून पूर्ण वाळवायच्या, मगच नव्या कागदी पाकिटात. तुम्ही हे वेळेवर सांगितलं नसतं तर आजोबांच्या पिढीने जपलेली गाणी आम्ही स्वच्छतेच्या हौसेपायी आपल्याच हातांनी पुसून टाकली असती.

काका, मनापासून आभार.

तुमचे कृतज्ञ,
तुमच्याकडून सुया नेणारे आम्ही सगळे