बिलहून पत्र

10 नोव्हेंबर 2013

प्रिय आई-बाबा,
सा. न.

दिवाळीत फोनवर सांगायचं ठरवलं होतं. पण फराळाचा विषय निघाला, आई रडली, आणि राहून गेलं. म्हणून हे पत्र. मी ऑफिसची नोकरी सोडली. आता मालगाडीवर कंडक्टर आहे. बाबांच्या भाषेत गार्ड. हुकूम हातात आलाय, सहीही झालीय, तेव्हा आता "विचार कर" म्हणू नका.

घर नेब्रास्कात, पण महिन्यातल्या निम्म्या रात्री वायोमिंगमधल्या बिल नावाच्या गावात. गाव कसलं, डग्लस शहराच्या उत्तरेला पस्तीसेक मैलांवर हायवेच्या कडेला एक दुकान, एक हॉटेल, रूळ, आणि चहूकडे गवत. सुरुवातीला इथे बिल नावाचेच बरेच जण राहायचे म्हणून गावाचं नाव बिल. कायमचे रहिवासी बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे माझ्यासारखे झोपायला आलेले. बाबा, म्हणजे तुमची रनिंग रूमच, गाडीवरच्या माणसांनी दोन फेऱ्यांमध्ये झोपायची, फक्त तिच्याभोवतीचं भुसावळ काढून टाकलेलं.

आई, तुझी पहिली काळजी मला माहीत आहे. खोली एकटीची, आतून कडी, मोरी स्वतंत्र, फ्रिज, मायक्रोवेव्ह. बाबांसारखी आठ खाटांची नाही. खाली खानावळ चोवीस तास उघडी, कारण इथे कोणाची सकाळ कधी होईल सांगता येत नाही. अंडी, बटाट्याचा कीस परतून, चीज सँडविच मिळतं. भात मी डब्यात नेते, वर मेतकूट-तूप. आणि खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारी ओढले की मिट्ट काळोख. तू बाबांसाठी खिडकीला काळी चादर खिळ्यांनी ठोकायचीस आणि मला बोटाने शू करायचीस ना, तसाच. पहिल्या दिवशी त्या काळोखात मी उगाचच पावलं न वाजवता चालले.

काम असं: मोकळी गाडी घेऊन यायची, झोपायचं, कोळशाची भरलेली घेऊन परत जायचं. तुमच्या बॉक्सएन, म्हणजे उघड्या डब्यांच्या कोळसा-गाडीला 58 वाघिणी, इथे 130 च्या आसपास. लांबी दोन किलोमीटरच्या वर. खाणीत गाडी थांबतच नाही, सायलोखालून, म्हणजे कोळशाच्या उंच कोठाराखालून, मुंगीच्या चालीने सरकते आणि वाघीण साधारण मिनिटाला एक भरते. गार्डचा शेवटचा डबा, ब्रेकव्हॅन, नाही, मी पुढे इंजिनातच बसते, हीटरपाशी. मागच्या इंजिनात माणूस नसतो, ते पुढून रेडिओवर चालतं. बाबा, आता नाक मुरडू नका.

"मुलीला झेपेल का" हेही विचाराल. जड काम म्हणजे नकल, दोन वाघिणी जोडणाऱ्या कपलिंगचा लोखंडी आकडा, तुटणं. चढ-उतारावर ड्रायव्हरचा हात जरा चुकला की कपलिंगला हिसका बसतो. ब्रेकच्या हवेचा होज सुटतो, हवा जाते, गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. मग कंदील-रेडिओ घेऊन गाडीच्या कडेने खडीवरून चालत जायचं. ब्रेक लावले, रिव्हर्सर (पुढे-मागे जायचा दांडा) मध्यावर, जनरेटर फील्ड (चाकांची वीज) बंद, ही तिन्ही उत्तरं ड्रायव्हरकडून रेडिओवर मिळाल्याशिवाय दोन वाघिणींच्या मध्ये पाय टाकायचा नाही. पिन उपसायची, नवा नकल बसवायचा. तो 35-40 किलोचा, हाताने नाही, गुडघ्यांतून उचलायचा. जोडल्यावर अँगल कॉक, म्हणजे हवेच्या नळीची तोटी, अगदी हळू उघडायचा, घाई केली की पुन्हा इमर्जन्सी ब्रेक लागतो. हे मी शिकलेय, आणि चांगलं शिकलेय.

मे 2005 मध्ये याच लाइनवर लागोपाठ दोन दिवस गाड्या घसरल्या होत्या, हे तुम्हाला कुठूनतरी कळेलच, म्हणून मीच सांगते. वाघिणींतून उडालेली कोळशाची भुकटी खडीत बसली, पावसाचं पाणी निचरेना, रूळ खचले. तेव्हापासून खडी धुऊन-बदलून घेतात. आता भरलेल्या कोळशावर थर बसेल असं द्रावणही फवारतात.

तुम्ही सोळा-सोळा तास लाइनवर काढलेत. इथे कायद्याने 12 तासांवर एक मिनिट नाही. वेळ संपली की गाडी जिथे असेल तिथे उभी, आम्हाला न्यायला व्हॅन येते. मग सलग 10 तास विश्रांती, त्यात कंपनी फोनसुद्धा करू शकत नाही. आणि रेल्वेवाल्यांची पेन्शन वेगळी, 1930 च्या दशकापासून. हे वाक्य बाबांसाठी.

नवीन असल्यामुळे सुट्टी शेवटी मिळते. उन्हाळ्यात येईन म्हटलं होतं, ते जमणार नाही. पुढच्या वर्षीच्या भरितापर्यंत नक्की. वांगी मी भाजेन, तूरकाठ्यांवर.

आता ऐका. बाबा, हयातीचा दाखला याच महिन्यात बँकेत द्यायचाय, 30 तारखेपर्यंत थांबू नका. बी.पी.ची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. मोतीबिंदूचं थंडी संपायच्या आत उरका, रेल्वे हॉस्पिटलचं कार्ड कपाटात लाल फायलीत आहे. आई, तू गुडघ्यांसाठी कमोड बसवून घे, पैसे पाठवलेत. दुसऱ्या कशात घालवलेस तर मला कळेल. रागावत नाहीये गं.

गाडीवर मोबाइल बंद ठेवावा लागतो, तोही कायदाच. तेव्हा फोन लागला नाही म्हणजे मी गाडीवर आहे, एवढंच समजायचं. तुमचे सकाळचे साडेआठ म्हणजे माझे आदल्या रात्रीचे आठ.

थंडीची काळजी नको. आत लोकर घालते, सुती नाही, सुती घामाने ओलं होऊन गारठतं. मेतकूट मात्र संपत आलंय. पार्सल घरच्या पत्त्यावर पाठव, बिलच्या नको. इथे मी कधी असेन, मलाच माहीत नसतं.

तुमची,
मनू