ट्यूब बदलण्याआधी हे वाच

प्रिय मंदार,

तुझा मेसेज बघितला, अँप्लिफायरमधल्या ईएल३४ या पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) काढून केटी८८ लावू का, आवाज भरदार होईल का. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून लिहायलाच बसलो.

अरे, ट्यूब एकटी गात नाही. सर्किट आणि त्यातही ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आवाजातला मोठा वाटा त्यांचाच. तरी फरक पडतो हे खरंय. ईएल३४ मधल्या पट्टीत फार गोड, किशोरीताईंचं गाणं लाव, आवाज कसा पुढे येऊन उभा राहतो बघ. केटी८८ इंग्लंडच्या जीईसी कंपनीने १९५६ मध्ये काढली, तिच्यात दम जास्त, डग्ग्याची घुमक घट्ट येते, पण ती तिच्यासाठीच बांधलेल्या अँपमध्ये. तुझा ट्रान्सफॉर्मर ईएल३४ च्या लोडसाठी गुंडाळलेला, पॉवर सप्लाय तोच, मग वॅट वाढणार कुठून? वर हीटरला, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला, प्रत्येक ट्यूब १.५ ऐवजी १.६ अँपिअर खाते, चार ट्यूब म्हणजे ०.४ जास्त, तेवढं वाइंडिंगला झेपलं पाहिजे, आणि बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्यूबमधून किती करंट वाहील ते ठरवणारं सेटिंग, नव्याने सेट करावाच लागतो.

गेल्या महिन्यात एकांकडे ३००बी चा सिंगल एंडेड अँप ऐकला, म्हणजे ज्यात पूर्ण लहर एकाच बाजूची पॉवर ट्यूब वाढवते तो. वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ट्यूब, पॉवर जेमतेम ८ वॅट. त्यांनी नुसता तानपुरा लावला आणि मी हललोच नाही रे जागेवरून. असा अँप स्वतःची जी भेसळ करतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येच्या स्वराची), म्हणजे सा वाजला की वरचा तार सा हळूच मिसळतो, कानाला तो सुराचाच भाग वाटतो. तुझ्या पुशपुल अँपमध्ये ट्यूबांची जोडी लहर उलटसुलट वाढवते, त्यात हे दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात, उरतो तिसरा, म्हणजे तार सप्तकातला पंचम. म्हणून तो आवाज जास्त स्वच्छ, थोडा करकरीत. मला दोन्ही आवडतात, पण नुसत्या गाण्याला ३००बी च. फक्त स्पीकर चांगले सेन्सिटिव्ह, म्हणजे कमी वॅटमध्येही मोठे वाजणारे हवेत, नाहीतर ८ वॅटमध्ये तबला दबतो.

पॉवर ट्यूबांच्या आधीच्या लहान ट्यूबांचं म्हणशील तर १२एएक्स७ काढून १२एयू७ लावतात आणि म्हणतात आवाज शांत झाला. होणारच ना, पिना त्याच पण पहिलीचा अँप्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, दुसरीचा २० च्या आसपास, गेनच उतरला, फीडबॅकही (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन चुका कमी करणं) घटला. कुठल्याही दोन ट्यूबा ताडून बघताना आधी आवाजाची पातळी सारखी कर, किंचित मोठं वाजलं तरी कानाला तेच चांगलं वाटतं.

मुलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ट्यूबांवर एवढे पैसे आत्ताच घालू नकोस. आधी आहेत त्याच ट्यूबांचा बायस तपासून घे, पण झाकण स्वतः उघडू नकोस, आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटर चार्ज धरून बसतात. मी रविवारी मीटर घेऊन येतो, तोवर ट्रान्सफॉर्मरवरच्या लेबलचा फोटो पाठव.

तुझा,
सुहास