आई-बाबा, बॅगा हलक्या ठेवा आणि भरतीची वेळ बघून निघा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

समुद्राकाठी जायचं तुमचं नक्की झालं हे ऐकून फार बरं वाटलं. पण आईने मोठी सुटकेस माळ्यावरून काढली म्हणे. ती तेवढी परत वर ठेवा. फोनवर सगळं बोलणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दोघांचं सामान एकाच सुटकेसमध्ये भरलं की ती उचलणार बाबाच. किनाऱ्यालगत चढउतार असतात, पायऱ्या असतात आणि वाळूत चाकं रुततात. त्यापेक्षा दोन लहान बॅगा घ्या, ज्याची त्याने उचलायची. बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेला 7 किलोचीच मुभा देतात, तेवढ्यातच बसवा. भरून झाली की बॅग हातात घेऊन एक जिना चढून-उतरून बघा. दम लागला तर काहीतरी काढायचं. मला वजनकाट्यापेक्षा या परीक्षेवर जास्त भरवसा आहे.

कपडे तीन-चार जोड पुरतात. आई, तुला हे पटणार नाही, पण धुऊन वापरता येतात गं. फक्त जाड सुती नकोत. ते पाणी धरून ठेवतात आणि दमट हवेत वाळता वाळत नाहीत. पातळ, पॉलिस्टर मिसळलेले कपडे रात्रीतून वाळतात. आणि समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा तसाच दोरीवर टाकू नकोस. पाणी उडून जातं, पण मीठ धाग्यांत राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. मग तो कपडा कितीही वेळ ठेवला तरी हाताला दमट, चिकटच लागतो. आधी गोड्या पाण्यातून काढ, पिळ, मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाब. बरंचसं पाणी टॉवेल पितो.

जड वस्तू चाकांच्या बाजूला, मोजे बुटांत, आणि त्यातल्या त्यात जाड बूट पायात घालूनच निघायचं.

काटकसर औषधांत मात्र करायची नाही. सहलीच्या दिवसांपेक्षा थोडी जास्तच घ्या, मूळ पाकिटातच ठेवा आणि दोन बॅगांत विभागून ठेवा, म्हणजे एक बॅग उशिरा आली तरी गोळी चुकणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाच्या मूळ घटकाचं नावही लिहून घ्या. कंपनीचं नाव दुसरीकडे कोणी ओळखेलच असं नाही. बाबांचं इन्सुलिन विमानात द्यायच्या सामानात अजिबात नको. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. तो नियमच आहे, कारण बॅटरी तापून पेटली तर माणसांच्या नजरेसमोर असलेली बरी.

आता समुद्राचं. हलकं जायचं ते यासाठीच, की पाणी ज्या वेळेला वाट देईल त्या वेळेला तुम्हाला निघता यावं. पोचल्यावर पहिल्यांदा भरती-ओहोटीचं वेळापत्रक विचारा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाकाठी दोन भरत्या येतात, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने; म्हणून कालची वेळ आज सुमारे 50 मिनिटं पुढे गेलेली असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी आत खूप येतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. कड्याखालच्या वाटा, खडकांमधली डबकी, त्यातले खेकडे आणि शंख बघायचे ते ओहोटीला. पण ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की परत निघा. भरती एकसारखी चढत नाही, बाबा. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा पाणी वाढतं, म्हणून माणूस निवांत राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती येते. माणसं खडकांवर अडकतात ती याच वेळी.

चालायचं ते नुकत्याच ओल्या झालेल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय खचतो आणि आईचे गुडघे लगेच बोलायला लागतील. किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. थोडं गेल्यावर उलट फिरायचं, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा होतो. पाण्यात घोट्यापर्यंतच. आणि आजूबाजूला लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत दिसला, तर तिथे पाऊलसुद्धा टाकू नका. पाणी बऱ्याचदा तिथूनच जोराने आत ओढलं जात असतं.

दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. छत्री उलटी होते, म्हणून हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी घ्या. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरणं परत फेकते. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. बाबा, चष्म्यावर तुषार उडाले तर लगेच रुमालाने पुसू नका, मिठाच्या कणांनी काचेवर चरे पडतात. आधी साध्या पाण्याने धुवायचा.

जवळपास दीपगृह असलं तर रात्री त्याच्या दोन झोतांमधले सेकंद मोजा. आजूबाजूच्या दीपगृहांपेक्षा प्रत्येकाची लय वेगळी ठेवलेली असते, त्यावरूनच खलाशी किनारा ओळखतात. बाबांना हे नक्की आवडेल.

बॅगा भरून झाल्या की झाकण लावायच्या आधी फोटो पाठवा. आई, औषधांच्या यादीचा वेगळा पाठव, मी चिठ्ठीशी ताडून बघते.

तुमची लेक