साउंडवाल्या काकांना, उशिरा लिहिलेलं थँक्यू

काका,

तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण काल अल्बमचं मिक्सिंग संपलं आणि पहिल्यांदा सगळी गाणी सलग ऐकताना जाणवलं की ह्यात तुमचा हात आहे आणि नाव मात्र कुठेच नाहीये. विचारलं तर "मिक्स मी केलेलं नाही, मग कशाला" म्हणालात. बरं. मग आभार तरी सगळ्यांसमोर मानू द्या.

पहिला साउंडचेक आठवतोय? मी आठ वाद्यं घेऊन आले होते. दोन गिटार, मँडोलिन, फ्लूट, टिन व्हिसल, अल्टो सॅक्स, टेनर सॅक्स, कीबोर्ड. तेव्हा माझी ओळखच ती होती ना, "ती सगळं वाजवते", पोस्टरवर तेच, मुलाखतीत तेच, आणि एका गाण्यात किमान तीन वाद्यं हातात घेतली नाहीत तर मलाच लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. तुम्ही काही न बोलता आठही लाइन लावून दिल्यात आणि शो संपल्यावर एवढंच विचारलंत, "पोरी, आठ वाजवलीस, त्यातली ऐकू किती आली?" इतका राग आला होता म्हणून सांगू! घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. तीन. फार तर साडेतीन.

त्यानंतर तुम्ही एकेक वाद्य माझ्या हातून काढून घेतलंत, आणि ते पण असं की मला वाटावं मीच सोडलं. मँडोलिनचं तर मी अजून नवीन पोरांना सांगते. फोकच्या भागात मी ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, चॉप मारायचे, तारा दाबून तुटक ठोका, ब्लूग्रासवाले (अमेरिकन फोकचा एक प्रकार) मारतात तसा, आणि नेमका तिथेच आमच्या ड्रमरचा स्नेअर, तो कडकडीत वाजणारा ड्रम, पडायचा. ब्लूग्रासमध्ये ड्रम बहुतेक नसतातच, स्नेअरचं काम तिथे मँडोलिनच करते, म्हणजे आम्ही दोघं एकाच खुर्चीवर बसायला बघत होतो आणि वर एकमेकांना दोष देत होतो की तू लयीत नाहीस. तुम्ही भाषण नाही दिलंत. आधी मिक्सरवरचा माझा फेडर, आवाजाची सरकपट्टी, खाली केलात, मग त्याचा, आणि आमच्या तोंडाकडे बघत बसलात.

सॅक्सचं पण तसंच. गिटारवाल्यांना ई मेजर स्केल हवा असतो, मोकळ्या तारा वाजवायला मिळतात, पण सॅक्सवर लिहिलेला सूर आणि वाजणारा सूर वेगळा, म्हणून त्याच वेळी टेनरवर मला एफ शार्प वाचावा लागतो, सहा शार्प म्हणजे सहा चढे सूर, आणि अल्टोवर सी शार्प, सातच्या सात. मला त्यात फुशारकी वाटायची. तुम्हाला नोटेशन वाचता येत नाही, हे तुम्हीच सांगता, तरी म्हणालात, "टेनरवर तू वाजवतेस, अल्टोवर हिशोब करतेस." त्या दिवसापासून अल्टो घरी.

आणि सॅक्सनंतर लगेच फ्लूट घ्यायचा माझा हट्ट. सॅक्सला रीडभोवती ओठ आवळायचे, फ्लूटला ढिले सोडून फुंक भोकाच्या कडेवर मारायची, तोंड एका सेकंदात बदलत नाही, त्यात स्टँडवर पडून पडून फ्लूट गार झालेली, गार फ्लूट सुराला उतरते, म्हणजे पहिल्या दोन ओळी नुसती हवा आणि ती पण बेसूर. सेटलिस्टमध्ये मध्ये एक गिटारचं गाणं टाक, आणि ते संपत आलं की फ्लूटमध्ये नुसती गरम हवा सोडत राहा, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात सांगा मला.

वाद बिद पण कमी नाही घातले मी. तुम्ही जेथ्रो टल ह्या रॉक बँडच्या इयान अँडरसनची गोष्ट सांगितली होतीत, गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनएवढं आपल्याला कधी जमणार नाही म्हणून त्यानं १९६७ मध्ये इलेक्ट्रिक गिटार देऊन टाकली आणि फ्लूट घेतली, सोबत एक शुअरचा माइक. बाकी सगळे फ्लूटचंच सांगतात, माइक तुम्हालाच लक्षात राहणार! तेव्हा मी मुद्दाम जॅझवाल्या रोलंड कर्कला मध्ये आणलं, कारण जेथ्रो टलच्या १९६८ च्या पहिल्याच अल्बमवर अँडरसननं कर्कची ट्यून वाजवलीय आणि फुंकता फुंकता गुणगुणायचं वेड पण कर्ककडचंच. म्हटलं, काका, कर्क तर तीन सॅक्स एकदम तोंडात धरून वाजवायचा, त्याचं काय? तुम्ही केबल गुंडाळत होतात, वर न बघता म्हणालात, "हो. पण तिन्ही ऐकू यायची."

ह्यावर मी काय बोलणार होते.

हातातली वाद्यं कमी झाली तेव्हा कुठे मला रॉक, जॅझ, फोकचं गणित जरा उलगडलं. आधी मला वाटायचं फोक म्हणजे व्हिसल, जॅझ म्हणजे सॅक्स, रॉक म्हणजे डिस्टॉर्शन, म्हणून प्रत्येक वळणाला वाद्य बदलायची धावपळ. पण कितीतरी फोक ट्यून्स डोरियन नावाच्या स्केलमध्ये असतात, मायनर पण सहावा सूर वरचा, आणि जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं १९५९ मध्ये त्याच डोरियनवर जॅझचं अख्खं दार उघडलं. मग एका फ्लूटवरच फोकमधून जॅझमध्ये जाता येतं की, एट्थ नोट्स, म्हणजे ठोक्याचे दोन अर्धे, सरळ सारखे वाजवत होते ते जरा लवंडायचे, पहिला लांब दुसरा आखूड, बस. नव्या अल्बममधला सगळ्यात लांब सोलो असाच आहे, एकच वाद्य, आणि तो ऐकून एकाने विचारलं मध्ये कोण वेगळं वाजवतंय? मला नाचावंसं वाटलं.

बाकी लहानसहान गोष्टींची यादी करत नाही, फ्लूटचा माइक फुंकेच्या झोतातून काढून वरच्या बाजूला नेलात वगैरे. पण एक कबूल करायचंय. माझ्या गिटारचा पिएझो पिकअप, आवाज पकडणारा सेन्सर, थेट मिक्सरला लावला की पत्रा वाजल्यासारखा यायचा, दोघांचा इम्पीडन्स (विजेचा अडथळा) जुळत नाही म्हणून, तेव्हा तुम्ही तो जुळवणारा तुमचा स्वतःचा डीआय बॉक्स "आजच्यापुरता" दिला होतात. तो अजून माझ्याकडे आहे. अख्खा अल्बम त्याच्यातून गेलाय. तुम्ही विसरला नाहीयात हे मला माहितेय, मागत नाही एवढंच.

पुढच्या शोला आणते. मँडोलिन पण आणते. एकाच गाण्यासाठी, आणि ड्रमरला त्यात स्नेअर नाहीये, आधीच विचारून घेतलंय.

तुमची,
साडेतीनवाली