डबिंगच्या बूथमधली तक्रार आणि अब्रूनुकसानीची नोटीस

संपादक महोदय,

चित्रपट-मालिकांच्या सेटवरच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल आता छापून येते. मल्याळी चित्रसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीवरचा केरळमधील हेमा समितीचा अहवाल १९ ऑगस्ट २०२४ रोजी खुला झाल्यावर तर देशभर चर्चा झाली. आवाजाचे काम करणाऱ्यांचा विचार मात्र या चर्चेत क्वचितच होतो. अंधेरी, ओशिवरा, गोरेगाव या पट्ट्यातल्या लहान लहान स्टुडिओंत परदेशी मालिका, कार्टून, ओटीटीवरचे चित्रपट हिंदी-मराठीत उतरतात. तिथे काम ज्या रीतीने चालते, त्या रीतीमुळेच तक्रारीची चौकशी अवघड होते.

पूर्वी एका माइकसमोर चार-पाच जण उभे राहून लूप, म्हणजे दृश्याचा एकेक छोटा तुकडा, भरत. आता प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र घेतात. बूथमध्ये एकटी कलाकार, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर. डायरेक्टरचे बोलणे टॉकबॅकवरून थेट तिच्या हेडफोनमध्ये जाते, ते रिसेप्शनवर बसलेल्याला ऐकू येत नाही. प्रणयदृश्यातले उसासे किंवा मारहाणीतल्या किंकाळ्या, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत ‘एफर्ट्स’, पुन्हा पुन्हा मागितले, तर ती कामाची गरज होती की छळ, हे कुणी तिसरा सांगू शकत नाही. साक्षीदार असलाच तर तो रेकॉर्डिस्ट, आणि त्याची पुढची कामे बहुतेक वेळा त्याच डायरेक्टरवर अवलंबून असतात.

तरीही पुरावा असतो. रेकॉर्डिंगच्या संगणकावर प्रत्येक टेकची वेगळी फाइल तयार होते आणि तिच्यावर वेळ असते. ट्रॅकशीटवर, म्हणजे टेकच्या नोंदींच्या तक्त्यावर, ‘ओके’ लिहिलेल्या टेकनंतरही त्याच ओळीचे आणखी टेक घेतलेले दिसले, तर चौकशी करणाऱ्या समितीला त्याचे कारण विचारता येते. टॉकबॅकवरचा आवाज सहसा रेकॉर्ड होत नाही, पण टेक संपल्यावर रेकॉर्डिंग लगेच थांबतेच असे नाही, आणि मग कलाकाराने दिलेले उत्तर माइकने टिपलेले असते. शिवाय हजेरीची वही, स्लॉट कळवणारा को-ऑर्डिनेटरचा मेसेज, व्हाउचर. अडचण अशी की एपिसोड चॅनेलकडे गेला की डिस्क मोकळी करतात. म्हणून तक्रार सविस्तर लिहिण्याआधीच दोन ओळींचा मेल पाठवावा: अमुक तारखेचे, अमुक वेळेचे सेशन जपून ठेवा. हा मेल स्टुडिओ आणि डबिंग कंपनी या दोघांनाही जायला हवा. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा ही एक गोष्ट वेळेत होणे महत्त्वाचे आहे.

पुढचा प्रश्न मालक कोण, हा. ओटीटी कंपनी काम देते डबिंग कंपनीला, ती ताशी भाड्याने स्टुडिओ घेते, डायरेक्टर फ्रीलान्स असतो आणि कलाकाराला फोन येतो को-ऑर्डिनेटरचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ‘तू आमची एम्प्लॉयी नाहीस’ हे उत्तर तर ठरलेलेच, आणि ते कायद्याला धरून नाही. २०१३चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा रोजंदारीवरच्या, कंत्राटी, ठेकेदारामार्फत आलेल्या, शिकाऊ आणि बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीलाही कर्मचारी मानतो. तक्रार करायला तर ती तिथे नोकरीला असण्याचीही अट नाही. खासगी मनोरंजन व्यवसायाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. केरळ उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२२ रोजी प्रत्येक चित्रपटाच्या निर्मिती-युनिटला अंतर्गत समिती बंधनकारक असल्याचे सांगितले. डबिंगमध्ये हेच तत्त्व लावायचे तर जबाबदारी काम घेणाऱ्या डबिंग कंपनीची धरायला हवी.

दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन रेकॉर्डिस्ट, एक मॅनेजर आणि एक ऑफिस बॉय एवढ्यावर चालणाऱ्या स्टुडिओसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ती आहे हेच बहुतेक कलाकारांना माहीत नसते.

मुदती पाठ असाव्यात. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. समितीने सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला द्यायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, कारवाई साठ दिवसांत. मध्यंतरी रजा देण्याची तरतूद फ्रीलान्सरच्या काहीच उपयोगाची नाही, पण दुसरी आहे: समितीच्या शिफारशीवरून आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून थांबवता येते. डबिंगमध्ये याचा सरळ अर्थ असा की तिची व्हॉइस टेस्ट त्याने ऐकायची नाही, दुसऱ्या कुणीतरी ऐकायची.

या मुदती पाळताना घाई करून पुरावा ऐकायचा सोडला तर काय होते, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. समितीने भराभर सुनावण्या उरकल्या, आरोप असलेल्या प्राध्यापकांना बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा मे २००९च्या टप्प्यावर नेली. चौदा वर्षांनी! तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींना यातून काय मिळाले? घाईची चौकशी तक्रारदाराच्या बाजूची वाटते, पण शेवटी नुकसान तिचेच होते.

आता अब्रूचे दावे. चौकशीचा रस्ता बंद दिसला की नाव इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते आणि काही दिवसांत वकिलाची नोटीस. दोन्ही बाजूंना इथे एक फरक कळायला हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला दहा अपवाद आहेत. त्यातला आठवा म्हणजे ज्याला त्या विषयात अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावाने केलेली तक्रार. समितीकडे दिलेला अर्ज यात बसतो. जाहीर पोस्ट आपोआप बसत नाही. तिथे मजकूर खरा असल्याचे आणि तो सांगणे लोकहिताचे असल्याचे दाखवावे लागते, किंवा स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्भावाने लिहिल्याचे. म्हणजे तोच मजकूर कुणाला पाठवला यावर बचाव किती सोपा ते ठरते.

जाहीर बोलणे गुन्हा आहे असे मात्र मुळीच नाही. लैंगिक छळाचा जाहीर आरोप केल्याबद्दल माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी केलेल्या फिर्यादीत पत्रकार प्रिया रमाणी यांना १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि स्त्रीला दशकांनंतरही, कोणत्याही व्यासपीठावर आपले गाऱ्हाणे मांडता येते असे म्हटले. पण त्या निकालासाठी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ आरोपी म्हणून खटला लढवावा लागला. नोटीस आली म्हणून घाबरून पोस्ट पुसून टाकू नये, आधी सगळे जतन करावे. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष आहे. फौजदारी फिर्यादीत आता दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्याने आरोपीचे म्हणणे ऐकायचे असते. ती संधी कागदपत्रांनिशी वापरावी.

अमेरिकेतले एक प्रकरण आवाजाच्याच धंद्यातले आहे. ॲनिमेचे, म्हणजे जपानी ॲनिमेशनचे, इंग्रजी डबिंग करणाऱ्या टेक्सासमधील फनिमेशन कंपनीने गैरवर्तनाच्या आरोपांच्या चौकशीनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये विक मिन्याना या लोकप्रिय कलाकाराशी काम थांबवले. आरोप नाकारत त्यांनी एप्रिलमध्ये कंपनी, दोन सहकलाकार आणि आणखी एकावर बदनामीचा दावा लावला. सार्वजनिक विषयावर बोलणाऱ्यांना संरक्षण देणारा तिथला कायदा वादीकडून सुरुवातीलाच ठोस पुरावा मागतो. तो न मिळाल्याने दावा त्याच वर्षी फेटाळला गेला आणि प्रतिवादींच्या वकिलांचा दोन लाख डॉलरहून अधिक खर्च वादीवर पडला. २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही दावा फेटाळल्याचा निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे असा कायदा नाही. पोकळ दावाही वर्षानुवर्षे चालतो, म्हणून इथे चौकशीचा कागद अधिक मोलाचा.

चेन्नईत २०१८ मध्ये गायिका आणि डबिंग कलाकार चिन्मयी श्रीपाद यांनी एका गीतकारावर जाहीर आरोप केल्यावर, जे त्या गीतकाराने नाकारले, डबिंग कलाकारांच्या युनियनने चिन्मयी यांचे सदस्यत्वच काढून घेतले. कारण दिले वर्गणी थकल्याचे. आवाजाच्या धंद्यात कामाची दारे अशी बंद होतात, कुणी काही लेखी न देता. मुंबईत तर युनियनचीही गरज पडत नाही, को-ऑर्डिनेटरचा फोन येणे थांबते.

कंपन्यांनीही जपून बोलावे. चौकशी सुरू असताना ग्रुपवर नाव टाकणे हा २०१३च्या कायद्याच्या कलम १६ चा भंग आहे, आणि निष्कर्ष निघण्याआधी ‘दोषी’ म्हणणे हा बदनामीच्या दाव्याला दिलेला आधार. न्याय मिळाला एवढे, ओळख न उघडता, सांगायला कायदा परवानगी देतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा खटल्यांत पक्षकारांची नावेही न छापण्याचे नियम घालून दिले होते. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असेही धरता येत नाही. खोटेपणा आणि दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. उलट, ज्याच्यावर आरोप आहे त्याला अहवालाची प्रत आणि नव्वद दिवसांत अपील करण्याचा हक्क आहे. तो न देणारी कंपनी त्यालाही कोर्टात ढकलते.

डबिंगचे काम देणाऱ्या चॅनेल आणि ओटीटी कंपन्यांनी करारात चार कलमे घालावीत: कोणत्या कंपनीची समिती चौकशी करील, सेशनच्या फाइली तयार काम सोपवल्यानंतर किमान सहा महिने, म्हणजे तक्रारीची वाढीव मुदत संपेपर्यंत, जपल्या जातील, प्रणयदृश्यांच्या एफर्ट्सची सूचना कलाकाराला आदल्या दिवशी मिळेल आणि तेव्हा बूथबाहेर मोजकीच माणसे असतील, गोपनीयतेचा करार तक्रारीच्या आड येणार नाही. समितीचे नाव आणि फोन बुकिंगच्या मेसेजमध्येच यावेत. आणि हा कायदा फक्त स्त्रियांसाठी असल्याने पुरुष व तृतीयपंथी कलाकारांच्या तक्रारींसाठी कंपनीने स्वतःच्या धोरणात याच मुदतींची वेगळी तरतूद करावी.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई