१२० फ्लॅटच्या सोसायटीत १८५ घरांचा फराळ : शुल्क आणि न मिळालेल्या मालाबद्दल तक्रार

दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘सोसायटी फराळ योजने’त घरांची मोजणी चुकल्यामुळे जादा घेतलेले आणि न दिलेल्या मालाचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची खजिनदार. आपल्या कंपनीकडे आम्ही या दिवाळीत दोनदा फराळ मागवला आणि दोन्ही वेळा काही घरं डब्याविना राहिली. चकलीला नाव ठेवायला जागा नाही, खुसखुशीत होती. आपलं बिघडलं ते मोजणीत.

सप्टेंबरच्या शेवटी आपल्या प्रतिनिधीनं सोसायटीच्या ग्रुपवर फॉर्म टाकला. चकली, करंजी, अनारसे, यांतलं काय हवं त्यावर खूण करायची, प्रत्येकी अर्धा किलो. एका फ्लॅटचा एक फॉर्म, सगळेच्या सगळे १२० भरून आले. (पुण्यात हे घडलं, याची वेगळी नोंद व्हायला हवी.) आकडे आपणच कळवलेत : चकली ७८ घरांना, करंजी ६५ घरांना, अनारसे ४२ घरांना. चकली आणि करंजी दोन्ही घेणारी घरं ४०, करंजी आणि अनारसे २४, चकली आणि अनारसे २७, आणि तिन्ही घेणारी १६.

मालाचे पैसे आम्ही आगाऊ भरले. सोबत ‘डबा व घरपोच शुल्क, प्रति घर ६० रुपये’ अशी ओळ होती. तिच्यापुढे घरं लिहिली होती १८५ आणि रक्कम ११,१००. अठ्ठ्याहत्तर, पासष्ट, बेचाळीस यांची सरळ बेरीज! घाईत तेही भरलं गेलं, ती चूक माझी. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, की अख्ख्या सोसायटीत फ्लॅटच १२० आहेत. वरची ६५ घरं आपण कुठून आणलीत?

दुसऱ्या दिवशी फोन केला. प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, नोंदी १८५ आहेत.” नोंदी असतील हो. पण चकली आणि करंजी दोन्ही घेणाऱ्याच्या घरी डबा एकच येतो, दाराची बेलही एकदाच वाजते. बराच वेळ समजावल्यावर त्याला पटलं आणि त्यानं दुरुस्ती केली. ती दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडली.

त्यानं काय केलं ते त्याच्याच यादीवरून नंतर कळलं. तीन पदार्थांच्या तीन याद्या, एकूण १८५ नावं. मग जोड्यांच्या याद्या घेतल्या, ४० अधिक २४ अधिक २७, म्हणजे ९१ नावं, आणि त्यातलं एकेक नाव मूळ यादीतून एकदा खोडलं. उरली ९४. दोन पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत हे बरोबर आहे : नाव दोनदा आलं, एकदा खोडलं, एकदा उरलं. पण तिन्ही घेणाऱ्याचं नाव तिन्ही याद्यांत येतं आणि तो जोड्यांच्याही तिन्ही याद्यांत असतो. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. म्हणजे ज्या १६ घरांनी आपल्याकडचं सगळं मागितलं, नेमकी तीच यादीतून पुसली गेली. दुकानदाराला सगळ्यांत लाडकं असावं असं गिऱ्हाईक!

वसुबारसेला ९४ डबे आले. सोळा घरांच्या लोकांनी मला गाठलं, काहींनी जिन्यात, काहींनी पार्किंगमध्ये. एक आजी तर म्हणाल्या, “खजिनदारीणबाई, तुमचा डबा आला वाटतं?”

माझी नात नववीत आहे. तिच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण ‘संच’. ते पुस्तक काढणारी बालभारती इथेच सेनापती बापट रस्त्यावर आहे, त्यामुळे पुण्यातल्या कंपनीला ते दुर्मीळ नसावं. नातीनं माझ्या तीन बांगड्या एकमेकींवर चढतील अशा कागदावर ठेवल्या, कडेनं पेन्सिल फिरवली आणि म्हणाली, “आजी, मधून सुरू करायचं.” मधल्या खणात १६. मग चकली-करंजीच्या सामाईक भागात ४० लिहायचे नाहीत, कारण त्या ४० मध्ये तिन्ही घेणारी १६ घरं आधीच बसलेली आहेत. नुसती चकली-करंजीवाली २४. तसंच नुसती करंजी-अनारसेवाली ८ आणि नुसती चकली-अनारसेवाली ११. मग कडेचे खण : फक्त चकली ७८ वजा २४ वजा ११ वजा १६, म्हणजे २७. फक्त करंजी १७, फक्त अनारसे ७. सातही खणांची बेरीज ११०. बांगड्यांच्या बाहेर १०, आणि ‘काही नको’ म्हणणारे फॉर्म मी मोजले तर तेही दहाच.

सूत्रानं करायचं तर १८५ वजा ९१, अधिक १६. आपला माणूस वजाबाकीपर्यंत पोचला आणि शेवटची सोळा परत मिळवायची राहून गेली. सगळा घोळ एका ‘फक्त’ या शब्दाचा आहे. ‘चकली आणि करंजी घेणारे’ आणि ‘फक्त चकली आणि करंजी घेणारे’ या दोन वेगळ्या संख्या आहेत. बँकेत मी एकतीस वर्षं लेजर सांभाळलं. ‘पैकी’ आणि ‘शिवाय’ यांत गल्लत केली, की संध्याकाळी टोटल जुळायची नाही आणि जुळेपर्यंत घरी जायला मिळायचं नाही.

एवढं होऊनही तुळशीच्या लग्नासाठी आम्ही पुन्हा आपल्याकडेच मागणी नोंदवली. आमच्या लोकांना आपली चकली खरंच आवडली होती. या वेळी ३८ घरं होती आणि चौथा पदार्थ चिवडा. पैसे आणि ३८ घरांचं शुल्क पुन्हा आगाऊ. प्रतिनिधीनं शिकून घेतलं होतं, ही चांगली गोष्ट. त्यानं रंगीत वेन आकृती काढून मला पाठवली : चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार वर्तुळं, चकली वर डावीकडे, करंजी वर उजवीकडे, तिच्या खाली अनारसे, चकलीच्या खाली चिवडा, सगळी मध्ये एकमेकांत गेलेली. दिसायला रांगोळीसारखी. खणाखणात आकडे होते आणि आपल्या कारखान्यात डबे भरले गेले ते त्या खणांवरून.

डबे आले ३०.

महोदय, चार वर्तुळांनी हे काम होत नाही, कितीही सुबक काढली तरी. चार पदार्थ, प्रत्येकाला ‘हवा’ किंवा ‘नको’, म्हणजे दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा प्रकार. तीन वर्तुळांनी बाहेरची जागा धरून आठ खण होतात. चौथं वर्तुळ आधीच्या प्रत्येकाला फार तर दोन ठिकाणी छेदतं, म्हणजे सहा ठिकाणी. त्याच्या परिघाचे सहा तुकडे होतात आणि एकेक तुकडा एकेका खणाचे दोन करतो. आठ आणि सहा चौदा. दोन खण कमी पडतात ते पडतातच. विश्वास नसेल तर चार बांगड्या घेऊन बसा.

आपल्या चित्रात कोणते दोन खण नाहीत, तेही पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले : ‘फक्त चकली आणि अनारसे’ आणि ‘फक्त करंजी आणि चिवडा’. चकली आणि अनारसे जिथे एकमेकांवर येतात, तिथे करंजी किंवा चिवडा मध्ये असतोच. पहिल्या प्रकारची आमच्याकडे ५ घरं, दुसऱ्या प्रकारची ३. पाचांत आमचं घर धरलेलं आहे. ह्यांना चकली लागते, मला अनारसे, बाकी काही नको. आमच्या दोघांच्या आवडीला आपल्या चित्रात उभं राहायला जागाच नव्हती. आकृतीतल्या आकड्यांची नुसती बेरीज केली असती तरी ३० आली असती आणि ३८ फॉर्मशी जुळली नसती. ती बेरीज मीही आकृती आल्याबरोबर केली नाही, रंग बघत बसले.

ज्यांच्या नावाची ही आकृती, त्या जॉन वेन यांनी १८८० सालच्या लेखात चार गोष्टींसाठी वर्तुळं सोडून लंबवर्तुळं घेतली होती, ती याचसाठी. पापड लाटताना एका बाजूला ओढला गेला की होतो तसा आकार. चार लंबवर्तुळं नीट तिरकी ठेवली तर सोळाही खण मिळतात. आपल्या कामाला तेही नको. सोळा ओळींचा साधा तक्ता करा, प्रत्येक ओळीत हो-नाहीच्या चार खुणा आणि पुढे घरांची संख्या. खाली टोटल मारा आणि ती फॉर्मच्या संख्येशी जुळल्याशिवाय डबे भरू नका.

आता हिशेब. अर्धा किलोचे आपले दर : चकली २२०, करंजी २६०, अनारसे ३२०, चिवडा १६० रुपये. पहिल्या फेरीत शुल्क घेतलं ११,१०० आणि डबे पोचवले ९४, म्हणजे शुल्क होतं ५,६४०. परत येणे ५,४६०. डबा न मिळालेल्या १६ घरांचा माल, प्रत्येकी ८००, म्हणजे १२,८००. दुसऱ्या फेरीत चकली-अनारशांच्या ५ घरांचे २,७००, करंजी-चिवड्याच्या ३ घरांचे १,२६० आणि या आठ घरांचं शुल्क ४८०. एकूण २२,७०० रुपये. ‘पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करतो’ हे फोनवरचं उत्तर आम्हाला मान्य नाही.

१५ दिवसांत रक्कम सोसायटीच्या खात्यात जमा न झाल्यास आम्ही आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करू. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही, आणि सोसायटीत निवृत्त माणसं भरपूर आहेत, तारखांना जायला सवड काढावी लागणार नाही.

सोबत दोन्ही बिलं, आपली ९४ नावांची यादी, रंगीत आकृती आणि नातीनं काढलेली तीन बांगड्यांची आकृती यांच्या प्रती जोडल्या आहेत.

पैशांऐवजी माल पाठवू नये. आमचे अनारसे मी घरीच तळले.

कळावे,
आपली,
खजिनदार
(सोसायटीच्या व्यवस्थापक समितीच्या वतीने)
कोथरूड, पुणे