बापालाही रजा हवी
आमची लेक तीन वर्षांची आहे. संध्याकाळी मी बूट काढायच्या आतच ती स्वतः चोखून ओलं केलेलं अर्धं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबते. सकाळी मी तिला रागावलो होतो, हे तिच्या गावीही नसतं. तिच्या प्रेमात हिशेब नाही, अबोला नाही. आपण मोठी माणसं घरातल्या घरात किती वर्षांची उणीदुणी जपून ठेवतो! तिला खेळणीही फारशी लागत नाहीत. बाबाने शेजारी फरशीवर बसावं, एवढंच हवं असतं. आणि नेमका तेवढा वेळच बापाकडे नसतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, हे उत्तमच झालं. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या वडिलांना मात्र १५ दिवसच मिळतात आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. कंपनीची मर्जी असेल तर रजा, नाहीतर बारसं उरकून दुसऱ्या दिवशी कामावर हजर. बाळाला आईइतकाच बापाचाही स्पर्श ओळखीचा व्हायला हवा. आमच्या लोकप्रतिनिधींनी पितृत्व रजेच्या कायद्याची मागणी सभागृहात लावून धरावी.
– एक वाचक, डोंबिवली